नेटच्या नावानं बिल फाडण्याआधी

"मामा, नेटच गंडलंय बघा. शंभरच्या स्पीडचा प्लॅन दोनशेचा केला, तरी लॅग काही जाईना."

मे महिना, रात्रीचे साडेदहा. सोलापूरच्या पूर्व भागातली भाच्याची माडीवरची खोली. वरचा पत्रा दिवसभर तापलेला, पंखा तीच गरम हवा फिरवतोय, खाली यंत्रमागांची खटखट चालू. पलंगावर सोलापुरी चादर, चादरीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून भाचा. तो जीटीए हा गाड्या पळवायचा व्हिडिओ गेम खेळतो आणि खेळ यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. बघायला साठ-सत्तर पोरं असतात. त्या रात्री चॅटमध्ये ती एकसारखी लिहीत होती, "भाऊ अडकतंय", "भाऊ पीपीटी लावलीस का?" म्हणजे व्हिडिओ स्लाइड शोसारखा तुटक दिसत होता.

मी त्याला ओबीएसमधली ‘स्टॅट्स’ नावाची खिडकी उघडायला लावली. ओबीएस हे लाइव्ह करणाऱ्या बहुतेकांचं फुकटातलं सॉफ्टवेअर. ह्यू बेली या प्रोग्रॅमरनं 2012 मध्ये ते पहिल्यांदा लोकांसाठी खुलं केलं. त्या खिडकीत तीन कामाचे आकडे असतात आणि बहुतेक पोरं ते कधीच बघत नाहीत. पहिला आकडा रेंडरिंग लॅगमुळे, म्हणजे चित्र काढायला उशीर झाल्यानं हुकलेल्या फ्रेमचा (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र), दुसरा एन्कोडिंग लॅगमुळे, म्हणजे ते चित्र दाबून लहान करायला उशीर झाल्यानं गळालेल्या फ्रेमचा आणि तिसरा नेटवर्कमुळे टाकून दिलेल्या फ्रेमचा. भाच्याचा तिसरा आकडा शून्यावर होता. पहिला मात्र भर दुपारच्या रिक्षा मीटरसारखा पळत होता.

म्हणजे नेट बिचारं निर्दोष होतं. वाढीव प्लॅनचे पैसे सहा महिन्यांचे आगाऊ भरून झाले होते, तो भाग वेगळा.

‘लॅग’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळे आजार कोंबतो, म्हणून हा घोळ होतो. लाइव्ह खेळ दाखवताना कामं एकामागोमाग एक होतात. आधी ग्राफिक्स चिप खेळाचं चित्र काढते. मग ओबीएस त्या चित्रावर कॅमेऱ्यातलं तोंड, नाव, चॅट वगैरे जोडून एक फ्रेम तयार करतं. ती फ्रेम एन्कोडर दाबून लहान करतो आणि शेवटी नेट ती बाहेर पाठवतं. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. या साखळीत कुठेही उशीर झाला, तरी बघणाऱ्याला दिसतं एकच: चित्र अडकलं. ते कुठे अडकलं हे त्याला कळायला मार्ग नाही. ते त्या तीन आकड्यांनाच माहीत असतं.

भाच्याचं दुखणं पहिल्या पायरीवर होतं. खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमवर मर्यादाच नव्हती. अशा वेळी खेळ ग्राफिक्स चिपकडून जमतील तितक्या फ्रेम काढून घेतो आणि चिप 99 टक्के गुंतून पडते. ओबीएसलाही फ्रेम जुळवायला तीच चिप लागते, पण पंगतीत त्याच्यापर्यंत वाढपी पोहोचतच नाही. खेळणाऱ्याला सगळं लोण्यासारखं चाललेलं दिसतं आणि बघणाऱ्याला पीपीटी. भाच्याला चॅटवाली पोरं खोटारडी वाटायची ती याचमुळे. खेळाला 60 फ्रेमची मर्यादा घातली, तसा तो आकडा वाढायचा जवळपास थांबला.

जवळपास म्हणालो, कारण वीस मिनिटांनी तो पुन्हा हलायला लागला. भाचा म्हणाला, "रोज असंच होतंय मामा. सुरुवातीला मख्खन, मग बोंब." ठरावीक वेळानं सुरू होणारं दुखणं म्हटलं की माझा पहिला संशय उष्णतेवर जातो. लॅपटॉप उचलला तर खालचा पत्रा इस्त्रीसारखा. चादरीत रुतल्यामुळे हवा आत ओढणारी तळाची जाळी पूर्ण बुजली होती. सोलापुरी चादर जाड आणि टिकाऊ म्हणून देशभर नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण तिच्यातून पंख्यानं हवा ओढावी ही अपेक्षा जास्तच झाली.

चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी ती वेग कमी करते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही लक्ष्मणरेषा साधारण 95 ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास असते. आता सोलापूरचा हिशोब बघा. गरम वस्तूतून बाहेर जाणारी उष्णता ही वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते, असं न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम ढोबळमानानं सांगतो. चिप 95 अंशांवर आणि खोली 25 अंशांवर असेल तर फरक 70 चा. तीच खोली मे महिन्यात 40 अंशांवर गेली की फरक उरतो 55. पंखा तोच, जाळी तीच, पण बाहेर टाकली जाणारी उष्णता पाचव्या हिश्शानं घटली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत विनातक्रार चाललेली सेटिंग मेमध्ये का कोसळते, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. इंटरनेटवरच्या ‘बेस्ट सेटिंग’ व्हिडिओत खोलीचं तापमान कुणी सांगत नाही. तो व्हिडिओ एसीत बसून केलेला असेल तर तुमच्या पत्र्याच्या खोलीला त्याचा काय उपयोग?

ताईनं देवघरातला पाट आणून दिला. लॅपटॉप पाटावर, मागची बाजू दोन बोटं उचललेली. त्या रात्री पुढचा दीड तास आकडा जागचा हलला नाही.

दुसऱ्या आकड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर फ्रेम दाबण्याचं काम मुख्य प्रोसेसरवर टाकलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला खेळाचंही काम आहेच. इंटेलनं 2011 पासून आणि एनव्हिडियानं 2012 पासून आपल्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा कोपरा राखून ठेवला आहे. ओबीएसमधल्या एन्कोडरच्या यादीत क्विक सिंक (इंटेलचं) किंवा एनव्हेंक (एनव्हिडियाचं) दिसत असेल तर ते निवडायचं. एएमडीचाही स्वतःचा असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून लाइव्ह करू नये, हेही इथंच सांगून टाकतो. चार्जर काढला की ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज कमी होते, मग कितीही सेटिंग बदला.

अडकणं थांबलं तेव्हा चॅटमध्ये नवी तक्रार आली: "भाऊ, गाडी पळवली की सगळं चौकोन चौकोन दिसतंय." हा चौथा प्रकार. त्याचा आकडा कुठल्याच खिडकीत दिसत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मजेदार विज्ञान यातच आहे.

एका फुल एचडी फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) आणि सेकंदाला 60 फ्रेम धरल्या, तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला जवळजवळ 300 कोटी बिट होतो. भाचा पाठवत होता सेकंदाला 60 लाख बिट. पाचशेपैकी चारशे नव्याण्णव भाग वाटेत फेकून द्यायचे आणि तरीही बघणाऱ्याला गाडी गाडीच दिसली पाहिजे!

हे जमतं कसं, ते पूर्व भागातल्या पोराला सांगायला सोपं. चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणली जाते. जोसेफ जेकार्डनं फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आणलेली ही युक्ती: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाला सांगते की कुठला धागा उचलायचा. अख्ख्या चादरीसाठी पुठ्ठे पाडावे लागत नाहीत. नक्षीच्या एका तुकड्यापुरते पाडले की तीच माळ पुन्हा पुन्हा फिरते. व्हिडिओचा एन्कोडरही असाच कामचुकार. दर दोन सेकंदांनी तो एक फ्रेम पूर्ण पाठवतो, तिला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेमसाठी तो एवढंच कळवतो की मागचंच चित्र घ्या, हा तुकडा चार ठिपके डावीकडे सरकवा आणि इथला रंग थोडा बदला. उरलेला फरक दाबायला जे गणित लागतं, त्याचं मूळ डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्ममध्ये आहे. त्यावरचा शोधनिबंध 1974 मध्ये आला. तो लिहिणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे बंगळुरूत जन्मलेले. जेपीईजी फोटोपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे या गणिताचा वंश पसरलाय.

दोन फ्रेम एकमेकींसारख्या असतील तोवर सगळं छान. गाडी दोनशेच्या वेगानं गवतातून, पावसातून निघाली की मागच्या फ्रेममधलं काहीच कामाला येत नाही. दर वेळी नवी नक्षी, पण सुताचा कोटा तेवढाच. मग एन्कोडर बारकावे सोडतो आणि ज्या चौकोनांत चित्र कापून तो काम करतो, ते चौकोन उघडे पडतात. 60 लाख बिट फुल एचडीच्या 60 फ्रेममध्ये वाटले तर एका बिटावर जवळजवळ 21 ठिपके जगवायचे असतात. तेच बिट 720 च्या, म्हणजे 1280 गुणिले 720 ठिपक्यांच्या चित्रात वाटले तर नऊच ठिपके येतात. म्हणून भाच्याला म्हटलं, 1080 चा हट्ट सोड. त्याला ते अपमानासारखं वाटलं. पण पळत्या गाडीचं 720 चं स्वच्छ चित्र 1080 च्या खिचडीपेक्षा कधीही बरं. शिवाय पाठवायचं चित्र लहान झालं की चिपवरचा भारही उतरतो.

कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातही बिट सांडत होते. भाच्यानं पाठीमागं मोठ्या हौसेनं नक्षीदार चादर टांगली होती आणि खोलीत दिवा एकच. कमी उजेडात कॅमेरा चित्रात दाणे पाडतो. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे, अगदी बेभरवशाचे, म्हणून दाबायला सगळ्यात कठीण. बिचारा एन्कोडर त्या दाण्यांनाही खेळाचाच भाग समजून बिट खर्च करतो. त्यात बारीक नक्षी असली तर आणखी खर्च. टेबलावरचा दिवा तोंडासमोर आणला, दाणे गेले, आणि तोपर्यंत अडखळत चालणारा कॅमेराही सुरळीत झाला. अंधारात उजेड जमवायला कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, त्यामुळे त्याच्या फ्रेम निम्म्यावर येतात.

नेटचा खरा दोष पुढच्या रविवारी सापडला. तिसरा आकडा वाढला म्हणून भाच्याचा फोन आला, आवाजात चक्क विजयाचा सूर. मी त्याला कमांड लिहायच्या दोन काळ्या खिडक्या उघडायला सांगितल्या. एकीत घरच्या राउटरला पिंग (म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं), दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरचंच उत्तर कधी दोन तर कधी दोनशे मिलिसेकंदांनी येत होतं. राउटर खालच्या खोलीत, मध्ये जुन्या घराची जाड भिंत, आणि वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी वाहिन्यांची जागा तिघांपुरतीच, आणि आळीतले सगळे राउटर तिथंच कोंबलेले. घरात कितीचा प्लॅन येतो, याचा या गर्दीशी संबंधच नाही.

लाइव्ह व्हिडिओ बहुतेक वेळा टीसीपी या इंटरनेटवर डेटा पोचवायच्या पद्धतीनं जातो, आणि टीसीपी स्वभावानं भित्रा. डेटाचं एखादं पाकीट हरवलं की त्याला वाटतं पुढे कोंडी आहे, आणि तो वेग आखडता घेतो. या भित्रेपणाला इतिहास आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. दोन्हींत अंतर चारशे यार्ड. सगळे संगणक हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत बसले आणि रस्ता आणखी तुंबला. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये टीसीपीला सबुरी शिकवणारी पद्धत मांडली. तीच सबुरी आज माडीवरच्या वायफायलाही कोंडी समजते. वेग घटतो, ओबीएसकडे फ्रेम साचतात आणि शेवटी ते काही फ्रेम फेकून देतं.

जिन्यावरून एक केबल खाली सोडली, बस्स. धाकट्या भाचीच्या फोनला रात्री नऊनंतर फोटो ढगात चढवायची बंदी घातली, कारण अपलोडची वाट सगळ्या घराला मिळून एकच. प्लॅन पुन्हा शंभरवर आणता येईल, हे सांगितल्यावर ताईचा चेहरा बघण्यासारखा होता.

आवाजाचं दुखणं एवढं किरकोळ की एका ओळीत संपावं: ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरू नका, तो आवाजाला फोन कॉलच्या दर्जावर आणतो. यंत्रमागाच्या खटखटीवर ओबीएसमध्येच आवाज गाळणारं फिल्टर आहे. माणसाचं बोलणं आणि बाकीचा गलका यातला फरक शिकवलेलं छोटं न्यूरल नेटवर्क त्यात असतं, आणि एकसुरी खटखट ते छान गाळतं. आम्ही ते लावलं. खोलीत एकदम शांतता पसरल्यासारखं झालं. दोन मिनिटांत चॅटमध्ये कुणीतरी विचारलं, "भाऊ, आज माग बंद आहे का?"

भाच्यानं फिल्टर काढून टाकलं.