लाइन, भाव आणि पटणं : एका बोलीची पार्श्वभूमी

“आत्या, लाइन मारतोय फक्त. त्यात काय एवढं?” कॉलेज रोडच्या क्लासवरून आलेली भाची दारात सँडल काढता काढता म्हणाली. आत माझी आई मेथी निवडत होती. तिचा हात जुडीवरच थांबला. आईच्या तरुणपणी याला ‘मागे लागणे’ म्हणत, आणि कुणी मागे लागलं की मुलीचं कॉलेज बंद होई. तिने तेच ऐकलं. “उद्यापासून एकटी जायचं नाही,” ती म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस भाचीने घरात हा विषय काढला नाही.

भाचीच्या लेखी लाइन मारणे म्हणजे कट्ट्यावरून वळून वळून बघणं, उगाच दोनदा समोरून गाडी नेणं. आईच्या लेखी ती धोक्याची सूचना. आणि त्या मुलाला विचारलं असतं तर तो बहुधा म्हणाला असता, “मस्करी हो.” शब्द एकच, अर्थ तीन. या गोंधळाला मोठा इतिहास आहे आणि नाशिककरांच्या तर तो गावाच्या नावाशीच जोडलेला आहे.

पंचवटीतली शूर्पणखेची गोष्ट आपण नाक कापल्यापासून सांगतो. नासिका म्हणजे नाक, त्यावरून नाशिक, ही व्युत्पत्ती इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण वाल्मीकींची गोष्ट त्याआधी सुरू होते. शूर्पणखा रामाला सरळ मागणी घालते. राम हसत सांगतो, माझं लग्न झालंय, धाकट्या भावाकडे जा. लक्ष्मण थट्टेतच तिला पुन्हा रामाकडे पाठवतो. इथे वाल्मीकी तिच्यासाठी एक विशेषण वापरतात : परिहासाविचक्षणा. थट्टा न कळणारी. तिला ते बोलणं खरं वाटलं. एकीने मनापासून विचारलं, दोघांनी गमतीत उत्तर दिलं आणि शेवट रक्तात झाला. मला ही गोष्ट नेहमी या एका शब्दापाशी अडवते.

थट्टेला पूर्वी आपल्याकडे जागा नेमून दिलेली होती. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा ही थट्टेची नाती. त्या नात्यात ‘चावट मेला’ म्हटलं तरी तक्रार नसे. तेच बोलणं परक्याने केलं की ती ‘लगट’ ठरे. शब्दाचा अर्थ नातं ठरवत होतं. अर्थात नात्याच्या आडोशाने कितीतरी बायकांनी नकोसं बोलणं मुकाट सोसलं, हेही तितकंच खरं. पण गंगापूर रोडवर समोरासमोर येणाऱ्या दोन अनोळखी मुलांमध्ये असं कुठलंच ठरलेलं नातं नसतं. सगळा भार एकट्या शब्दावर येतो.

गोदाकाठाला आडून बोलण्याची सवय मात्र फार जुनी. पांडवलेण्यांमध्ये गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. तिच्याच सातवाहन घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर सुमारे 700 गाथांचा संग्रह सांगितला जातो. भाषा महाराष्ट्री प्राकृत, मराठीची पूर्वज. त्यातली एक गाथा पुढे खूप गाजली. नदीकाठच्या झाडीत फुलं तोडायला येणाऱ्या एका धार्मिक माणसाला एक बाई सांगते : आता खुशाल फीर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदेकाठच्या जाळीतल्या सिंहाने मारून टाकलंय. ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा असते. तोंडाने ‘फीर’, मनात ‘पुन्हा इकडे फिरकू नकोस’. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांआडचा अर्थ, समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली.

या गाथेत दुहेरी अर्थ ही बाईची ढाल आहे. तिला सरळ बोलायची मुभा नाही, म्हणून ती वळणाने बोलते. पुढे ही ढाल दुसऱ्याच हातात गेली. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी तोंडाला तोंड देते, प्रेक्षक मनसोक्त हसतात. मंचावर मावशीचं उत्तर ठरलेलं असतं, शाब्बासकीही तिलाच मिळते. रस्त्यावर वाट अडवली तर मावशी नसते. तिथे ‘मस्करी केली’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या सुटकेला येतं, ऐकणारीच्या नाही.

आजच्या बोलीतले शब्दही असेच वळत आले. ‘पटणे’ घ्या. ‘मला ते पटलं’ या वाक्यात निवाडा माझा असतो. पटवून देणारा समोर, पटवून घ्यायचं की नाही ते माझ्यावर. कट्ट्यावर तोच शब्द ‘ती पटली’ आणि ‘त्याने तिला पटवली’ असा झाला. ‘तिला’ काय पटलं, हा प्रश्नच वाक्यातून गळला. एका विभक्तीच्या फरकाने माणूस वस्तू होतो, हे मला मराठीतच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

‘भाव’चं उलट आहे. भाव म्हणजे मनातलं, आणि भाव म्हणजे लासलगावच्या लिलावात कांद्याला पुकारतात तो. ‘ती भाव देत नाही’ यातला भाव बाजारातला, पण इथे तो देणं न देणं निदान तिच्या हातात राहतं. लाइनचंही तसंच : मारणारा एक, देणारी दुसरी, आणि ती दिली नाही तर गोष्ट तिथे संपायला हवी. ‘छेडणे’ तर सतारीपासून थेट पोलीस ठाण्यापर्यंत जातं. तार छेडली की सूर, मुलीची छेड काढली की गुन्हा.

कायद्याने हा अर्थाचा प्रश्न उशिरा पण नेमका धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची व्याख्या करताना ‘नकोसं’ वर्तन ही कसोटी लावली. 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या कायद्याने ती कायम ठेवली. त्याच वर्षी, दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर, दंड संहितेत कलम 354 ड आलं : स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा संपर्क साधू पाहणं हा गुन्हा. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. मोबाइलवरचा पाठलागही त्यात येतो. ‘मागे लागणे’ला आईच्या पिढीत शिक्षा मुलीला होती, आता ती मागे लागणाऱ्याला आहे. हा बदल मला फार मोठा वाटतो, आणि घराघरांत तो अजून पोचलेला नाही.

परवा भाचीने आपणहून विषय काढला. तो मुलगा आता इन्स्टावर मेसेज टाकतो म्हणाली. मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, “आणि तू गं? तुझ्या मनात काय आहे?”

“मी लाइन देत नाहीये, आजी.”

“म्हणजे त्याला तसं सांगितलंस?”

भाची थोडं थांबली. मग मोबाइल आजीपुढे धरला आणि काय लिहायचं ते दोघी मिळून ठरवायला लागल्या.