सेक्रेटरींची सही कुठे गेली?

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी नोटिशींची काचपेटी आहे, पश्चिमेला तोंड करून. मार्चात लावलेली थकबाकीची नोटीस परवा, पावसाच्या तोंडावर काढली. गुलाबी हायलायटरचा मागमूस नव्हता, सेक्रेटरींची निळी सही जेमतेम दिसत होती. थकबाकीदारांची छापील नावं मात्र ठळक!

ऊन एकच, कागदही एकच. फरक शाईच्या घडणीत. साध्या बॉलपेनच्या शाईत बहुधा रंजकं असतात, म्हणजे पाण्यात मीठ विरघळावं तसे द्रावकात विरघळलेले रंग. त्यांचे रेणू कागदाच्या तंतूंवर सुटेसुटे पसरतात. रेणूतली एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी प्रकाश शोषते, म्हणून तर रंग दिसतो. पण हा शोषलेला प्रकाशच कधीतरी बाधतो. हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन साखळी तुटते आणि रंगहीन तुकडे उरतात. शाई कागदावरच असते, रंग तेवढा उडतो. हायलायटरची चमकणारी रंजकं तर यात फारच नाजूक.

छापील नावं लेसर प्रिंटरची. काळ्या टोनरमध्ये कार्बनचे कण असतात, म्हणजे एक प्रकारची काजळीच, आणि ती उन्हाला दाद देत नाही. मोडी कागदपत्रांतली काजळीची शाई अजून काळीभोर दिसते ती त्यामुळेच. अर्थात रुमालात बांधून अंधारात राहिल्याचाही कागदांना फायदा झालाच. काजळीसारख्या, न विरघळता कणरूपात राहणाऱ्या रंगांना रंगद्रव्यं म्हणजे पिगमेंट म्हणतात. इतर रंगद्रव्यांच्या कणांतही वरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो.

‘अहो, पेटीला काच आहे की!’ हे सेक्रेटरींचं म्हणणं. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्ही-बी किरण साधी काच बहुतेक अडवते, पण यूव्ही-ए बरेचसे आत सोडते. शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच.

कापड उद्योगात रंग प्रकाशात किती टिकतो हे तपासायला निळ्या लोकरीच्या 8 पट्ट्या वापरतात. पहिली सर्वांत आधी विटते, आठवी सर्वांत शेवटी. नमुना त्यांच्या शेजारी प्रकाशात ठेवून कोणत्या पट्टीबरोबर तो फिका पडतो ते पाहायचं. घरी एवढंही नको. एका कागदावर सगळ्या पेनांच्या रेघा मारा, अर्ध्या भागावर पुठ्ठा लावा आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा.

पेन घेताना ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नका. तो पाण्याबद्दल बोलतो, उन्हाबद्दल नाही. ‘पिगमेंट’ शोधा.

नवी नोटीस काल लागली. सही काळ्या पिगमेंट पेनाची. हायलायटर मात्र पुन्हा गुलाबीच.