शय्याव्रणरोधक कपडे

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या त्वचेला दाब, ओढ, घर्षण आणि ओल यांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी बेतलेले कपडे. या इजेला शय्याव्रण, बोलीत बेडसोअर म्हणतात. अमेरिकेतील या विषयाच्या सल्लागार मंडळाने 2016 मध्ये ‘प्रेशर अल्सर’ऐवजी ‘प्रेशर इंज्युरी’ ही संज्ञा घेतली, कारण पहिल्या टप्प्यात कातडी शाबूत असते आणि आत मात्र नुकसान सुरू झालेले असते. माकडहाडाचा भाग, टाचा, खुबे, घोटे, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू येथे हाडावर मांस कमी असते. धोका तिथेच जास्त.

कपड्याने अंगाचा भार हलका होत नाही. ते काम गादीचे आणि ठरावीक वेळाने कूस बदलण्याचे आहे. दाब पाऱ्याच्या 32 मिलिमीटरच्या आत ठेवतो असा दावा करणाऱ्या वस्तूंवर विसंबू नये. हा आकडा शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँडिस यांनी 1930 मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत, मोजलेल्या रक्तदाबाचा आहे. अशक्त वृद्धाच्या कुल्ल्याला तो लागू पडत नाही.

बेतताना पहिला नियम असा, की रुग्णाच्या अंगाखाली येणाऱ्या भागात शिवण, गाठ, बटण, खिसा, लेबल यांतले काहीही नको. पाठीवर नाड्या बांधायचा नेहमीचा गाऊन इथेच फसतो: गाठ नेमकी मणक्याखाली येते. त्यापेक्षा पाठ पूर्ण उघडी ठेवून खांद्यावर आणि बाह्यांच्या वरच्या बाजूने टिचबटणे लावावीत, मागचे पल्ले अंगाखाली न सरकवता कुशीलगत मोकळे सोडावेत. पाठ झाकायचीच असेल, तर मागचा तुकडा एकसंध ठेवून खांद्याची आणि बगलेची शिवण 4-5 सेंमी पुढे घ्यावी. छातीच्या घेरात 15 ते 20 सेंमी सैलपणा पुरतो; त्याहून जास्त ठेवला की चुण्या पडतात, आणि चुणी कातडीत दोरीसारखी रुतते. परकराची नाडी, पायजम्याचा नेफा, मोज्याचा घट्ट काठ यांचेही तेच.

कापड मऊ, घाम शोषणारे आणि लवकर वाळणारे हवे. ओल्या कातडीचे घर्षण वाढते, म्हणून जाड सुती कापड घामाने भिजून तसेच राहिले तर ते घातकच. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट वाळलेला गाऊन घालण्यापेक्षा पातळ कापडाचे जास्तीचे जोड शिवून ठेवणे बरे. रेशमासारख्या गुळगुळीत कापडाने घर्षण कमी होते, पण पाठीचा टेका 30 अंशांहून जास्त उचलला की रुग्ण पायथ्याकडे घसरतो. कातडी जागच्या जागी राहून हाड पुढे सरकते आणि आतल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. म्हणून टेका उचलण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्यावी.

अस्तर आणि पॅड यांचा मोह आवरावा. हवेच्या गादीवर जाड थर आला की अंग गादीत बुडत नाही आणि गादीचा उपयोग कमी होतो. मध्ये भोक असलेली कड्यासारखी गोल उशी तर वापरूच नये. तिच्या कडेवर दाब एकवटून मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. टाचेसाठी कपड्यातच उपाय करायचा, तर पोटरीच्या पूर्ण लांबीचे मऊ पॅड टाचेच्या वर संपेल असे बसवावे. टाच अधांतरी आणि गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

अधू हात घालताना आधी, काढताना शेवटी. कपडा अंगाखालून ओढून काढू नये. रुग्णाला कुशीवर वळवून मग सरकवावा. लघवीसाठी बसवलेली नळी कपड्यावरून, मांडीच्या वरच्या बाजूने न्यावी. धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे, कारण राहिलेला साबण कातडी जाळतो. कापड मऊ करणारी द्रव्ये शोषण कमी करतात.

नवा कपडा घातल्यावर अर्ध्या तासाने काढून पाठ, कुल्ले, टाचा पाहाव्यात. लालसर डागावर बोट दाबून सोडल्यावर तो फिका पडला नाही, तर इजा सुरू झाली आहे: कपडा बदलावा, त्या भागावरचा भार काढावा, तिथे चोळू नये. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथे बोटांनी तपासावे. आसपासच्या भागापेक्षा ती जागा उबदार, घट्ट किंवा पिलपिलीत लागली, किंवा रुग्णाला तिथे दुखले, तर तीही धोक्याचीच खूण मानतात.