वाइन म्हणजे लपवलेलं विंडोज नव्हे

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या सिस्टिमवर वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की आत अख्खं विंडोज चालतं, म्हणून लायसन्स लागतं आणि दुप्पट रॅमही. जेल रोडला कॉम्प्युटर घ्यायला गेलात तरी कुणीतरी हेच सांगेल.

तसं होतं ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. १९९३ पासून घडत आलेलं वाइन वेगळं काम करतं. प्रोग्रॅमच्या सूचना प्रोसेसर थेटच चालवतो; प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, म्हणजे फाइल उघड, खिडकी काढ, ते वाइन लिनक्सकडून करवून घेतं. दुभाष्याच म्हणा ना. मायक्रोसॉफ्टचा कोड त्यात नाही, त्यामुळे विंडोजचं लायसन्सही नको. व्हॉल्व्ह या गेम कंपनीचं २०१८ मधलं प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, यावरच उभं आहे. त्यावर कित्येक गेम्स जवळपास विंडोजइतक्याच वेगानं चालतात.

सगळंच चालतं असं मात्र नाही. स्वतःचा ड्रायव्हर (सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा प्रोग्रॅम) लागणारी सॉफ्टवेअर अडतात. यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून लावायचं छोटं उपकरण) मागणारी जुनी डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं मांडायची सॉफ्टवेअर, तर हमखास रडवतात.

आणि ‘लिनक्स आहे, व्हायरस काय करणार?’ हेही सोडा. वाइनमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून तुमची सगळी डिस्क दिसते. खंडणीखोर प्रोग्रॅम चाललाच, तर होम फोल्डरमधले फोटो तो बिनदिक्कत कुलूपबंद करू शकतो.