प्रत्यय की नुसती शेपटं?

वॉयनिच हस्तलिखितातल्या दर पाच शब्दांपैकी साधारण दोन शब्द एकाच चिन्हावर संपतात. ते चिन्ह इंग्रजी नऊच्या आकड्यासारखं दिसतं, खाली शेपूट वळवलेलं. त्याचा उच्चार काय आणि अर्थ काय, हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. पण ते शब्दाच्या शेवटी येतं आणि फार वेळा येतं, हे मोजता येतं. लिपी वाचता येत नसेल तेव्हा मोजणी हाच आधार असतो, आणि मोजायला कुठून सुरुवात करायची असं मला विचाराल, तर मी सांगेन, शब्दाच्या शेवटापासून.

हस्तलिखित अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. चर्मपत्राची साधारण २४० पानं, त्यांवर ओळखू न येणाऱ्या वनस्पती, तारे, राशिचक्रं, हौदात उतरलेल्या स्त्रिया, आणि चित्रांभोवती सुमारे ३८ हजार शब्दांचा मजकूर. विल्फ्रिड वॉयनिच या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने १९१२ साली ते इटलीत विकत घेतलं, म्हणून त्याला त्याचं नाव. रेडिओकार्बन चाचणीनुसार चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातलं आहे.

शेवटच का, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. घर, घराला, घरात, घरातून, घराचा. बसला, बसली, बसले. आपलं निम्मं व्याकरण शब्दाच्या शेवटी राहतं. देवनागरीचं एक अक्षरही न येणाऱ्या माणसाला मराठी मजकूर दिला आणि शब्द शेवटच्या चिन्हानुसार लावायला सांगितले, तर दोन गोष्टी त्याच्या लक्षात येतील. शेवट मोजकेच आहेत आणि शब्द मात्र पुष्कळ. शिवाय एकच सुरुवात वेगवेगळ्या शेवटांबरोबर पुन्हापुन्हा दिसते. ‘ला’ आणि ‘त’ म्हणजे काय हे त्याला कळणार नाही, पण इथे प्रत्यय लागतायत हे नक्की कळेल.

या मार्गाने एक लिपी खरोखर सुटली आहे. क्रीट बेटावर सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी १९४० च्या दशकात कुणालाच वाचता येत नव्हती. तिची भाषाही माहीत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी भाषा कोणती असेल याचा अंदाज बांधायला ठाम नकार दिला आणि फक्त चिन्हं मोजली. युद्धामुळे कागदाची टंचाई होती. म्हणून जुनी शुभेच्छापत्रं आणि परिपत्रकं कापून त्यांनी कार्डं केली आणि ती सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत रचली. अशी सुमारे १,८०,००० कार्डं. त्यांतून त्यांना काही शब्दांची तीन-तीन रूपं सापडली. आज आपल्याला उच्चार माहीत आहेत, म्हणून त्यातलं एक त्रिकूट देवनागरीत लिहून दाखवतो:

को-नो-सि-या, को-नो-सि-यो, को-नो-सो.

लिनिअर बीमध्ये ‘सि’ला एक चिन्ह आणि ‘सो’ला अगदी वेगळं. दोघांत ‘स’ आहे हे चिन्हांवरून जराही दिसत नाही. देवनागरीत ते डोळ्यांनीच दिसतं, स तोच आणि वेलांटी किंवा काना-मात्रा बदलते. कोबर यांना ते हिशेबाने शोधावं लागलं. त्यांचा तर्क असा: शब्दाचं अंग, म्हणजे प्रत्ययापूर्वीचा भाग, व्यंजनावर संपतं आणि प्रत्यय स्वराने सुरू होतो, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर बसलेलं चिन्ह प्रत्ययाप्रमाणे बदलतं. म्हणजे ‘सि’ आणि ‘सो’ यांचं व्यंजन एक आणि स्वर वेगळे. एकाही चिन्हाचा उच्चार न कळता त्यांनी चिन्हांची नाती लावली. कोबर १९५० साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेल्या. दोन वर्षांनी मायकेल व्हेंट्रिसने लिपी वाचली. भाषा जुनी ग्रीक निघाली, आणि वरचं त्रिकूट म्हणजे नोसोसच्या स्त्रिया, नोसोसचे पुरुष आणि खुद्द नोसोस शहर. माझ्या लेखी उलगड्याच्या साऱ्या इतिहासात याहून देखणं काम नाही.

मग तीच किल्ली वॉयनिचला का लागत नाही? लावून पाहिली गेली आहे. जॉन टिल्टमन या ब्रिटिश संकेतभेदकाने १९५० च्या सुमारास वॉयनिचच्या शब्दांचे पुढचे आणि मागचे भाग वेगळे केले आणि त्यांचा तक्ता मांडला. पुढचे भाग थोडे, शेवट थोडे, आणि जवळपास कुठलाही शेवट कुठल्याही सुरुवातीला जोडलेला सापडतो. पाहताक्षणी हा विभक्तीचा तक्ता वाटतो. पण त्यात एक गोष्ट खटकते. खऱ्या भाषेत प्रत्यय मोजके असले तरी शब्दांची अंगं हजारो असतात. इथे पुढचा भागही प्रत्ययासारखाच मोजका आहे. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, पण बाकीची बहुतेक अक्षरं कुठेही येतात. वॉयनिचमध्ये जवळपास प्रत्येक चिन्हाची जागा ठरलेली आहे. इंग्रजी चारसारखं दिसणारं चिन्ह शब्दाच्या आरंभी येतं आणि त्याच्यानंतर बहुतेक नेहमी गोल चिन्ह. येलमधलेच भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बेनेट यांनी १९७६ साली हे एन्ट्रॉपीच्या मापाने दाखवलं. एक चिन्ह कळलं की पुढचं कोणतं असेल याचा अंदाज युरोपातल्या भाषांपेक्षा इथे कितीतरी सहज बांधता येतो.

त्याच वर्षी अमेरिकी नौदलात संकेतभेदाचं काम केलेल्या प्रेस्कॉट करियर यांनी शेवटांच्या मोजणीतून सर्वांत मोठा शोध लावला. काही पानांवर ‘आठ-नऊ’ (आठसारखं दिसणारं चिन्ह आणि त्यानंतर ते नऊ-चिन्ह) ही जोडी शब्दाच्या शेवटी सारखी येते. उरलेल्या काही पानांवर ती जवळपास नाहीच. त्यांनी या दोन गटांना ‘भाषा ए’ आणि ‘भाषा बी’ म्हटलं. खरोखर दोन भाषा, दोन बोली, की लिहिण्याच्या दोन पद्धती, हे त्यांनी मोकळं ठेवलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. भाषा बीमध्ये नऊ-चिन्हावर संपणाऱ्या शब्दानंतर चार-चिन्हाने सुरू होणारा शब्द इतर शेवटांनंतर येतो त्यापेक्षा सुमारे चौपट वेळा येतो. याचं भाषिक स्पष्टीकरण त्यांना सुचलं नाही. संस्कृत शिकलेल्याला इथे लगेच संधी आठवेल: जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, शेजारी पाहून शब्दाचा शेवट बदलतो. पण संधी असेल तर दुसरा शेजारी आल्यावर त्याच शब्दाचं दुसरं रूप नियमाने सापडायला हवं. नुसती शेजाऱ्यांची जवळीक मोजून भागत नाही.

ही जवळीक मोजायची तरी कशी? समजा एका पानावर २०० शब्द आहेत आणि त्यांतले ८० ‘नऊ-अंती’, म्हणजे नऊ-चिन्हावर संपणारे आहेत. शब्दांचा क्रम निव्वळ योगायोगाचा असेल, तर लागोपाठ दोन्ही शब्द नऊ-अंती अशा जोड्या सरासरी ३२ च्या आसपास निघतील. आता संगणकाला त्या पानाचे शब्द पत्त्यांसारखे पिसायला सांगायचे, हजार वेळा, आणि दर वेळी जोड्या मोजायच्या. बहुतेक वेळा आकडा २५ ते ३८ च्या दरम्यान राहील. खऱ्या पानावर ४५ जोड्या निघाल्या, तर शेजारच्या शब्दांचे शेवट एकमेकांशी बांधलेले आहेत असं म्हणता येतं. मराठीत असं बंधन रोजचंच आहे: ‘मोठी मुलगी आली’, तिन्ही शब्द ईकारान्त.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पडणं अगदी सोपं आहे. समजा २०० शब्दांची दोन पानं आहेत, एकावर २० नऊ-अंती शब्द, दुसऱ्यावर १२०. दोन्ही पानांत शब्दांचा क्रम पूर्ण योगायोगाचा. तरीही दोन्ही पानं मिळून जोड्या निघतील ७३ च्या घरात, आणि एकत्र पिसलं तर अपेक्षा येईल फक्त ४९ ची. व्याकरणाचा अंशही नसताना व्याकरण दिसायला लागलं! ए आणि बी पानं मिसळून केलेली कुठलीही मोजणी याच कारणाने बाद ठरवावी लागते. पिसायचं ते पानाच्या आतल्या आत. शक्यतो ओळीचं पहिलं आणि शेवटचं स्थान वेगळं काढून, कारण या मजकुरात ओळीलाही स्वतःचा स्वभाव आहे. एक चिन्ह तर मुख्यतः ओळीच्या अखेरीसच येतं. वाक्य ओळीच्या काठावर संपतं असं कुठल्याही गद्यात घडत नाही. त्यामुळे ते चिन्ह प्रत्यय नसून जागा कमी पडल्यावर केलेला संक्षेप असावा, असं मला वाटतं.

संक्षेपाची शंका नऊ-चिन्हाबद्दलही घ्यायला जागा आहे. मध्ययुगीन लॅटिन लेखनिक नेमकं असंच चिन्ह वापरत. शब्दाच्या शेवटी ते ‘उस’साठी असे आणि सुरुवातीला ‘कोन’साठी. वॉयनिचमध्येही ते मुख्यतः शेवटी आणि अधूनमधून सुरुवातीला येतं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताला लॅटिन लेखनाची सवय असावी. पण प्रत्येक चिन्ह तसं वाचून सलग लॅटिन काही निघत नाही.

समजा पानाच्या आत पिसूनही शेजाऱ्यांचं नातं टिकलं. तरी व्याकरण सिद्ध होत नाही. गॉर्डन रग या संशोधकाने २००४ साली दाखवलं की सुरुवात, मध्य आणि शेवट यांचा तक्ता करून त्यावर भोकं पाडलेलं कार्ड सरकवत गेलं की असे शब्द, काही अर्थ नसतानाही, हवे तेवढे पाडता येतात. टॉर्स्टन टिम आणि आंद्रेयास शिनर या संशोधकांचं म्हणणं आणखी साधं आहे: लिहिणारा नुकताच लिहिलेला शब्द पाहायचा आणि किंचित बदलून पुन्हा लिहायचा. तसं असेल तर शेजारचे शेवट जुळणारच.

फरक ओळखायची खूण मला ‘मोठी मुलगी आली’ याच वाक्यात दिसते. व्याकरणाने जुळलेल्या शब्दांचा शेवट तेवढा सारखा असतो आणि अंगं निराळी. नकलेने जुळलेल्या शब्दांचं सगळंच सारखं असतं, शेवटासकट. वॉयनिचमध्ये जवळजवळचे शब्द बहुधा अंगापासून शेपटापर्यंत सारखे आहेत. एकच शब्द लागोपाठ दोनदा, तीनदाही येतो. म्हणून आज तरी मी त्या शेवटांना प्रत्यय म्हणायला तयार नाही.

पण ‘पोकळ मजकूर’ म्हणून प्रकरण मिटवायलाही मी तयार नाही, आणि त्याचं कारण हस्ताक्षरात आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अभ्यासक लिसा फेगिन डेव्हिस यांनी २०२० मध्ये अक्षरांची वळणं बारकाईने तपासून हस्तलिखितात पाच लेखनिकांचे हात वेगळे काढले. भाषा बीची पानं त्यांतल्या एकाहून अधिक हातांनी लिहिलेली आहेत. म्हणजे शब्द ‘आठ-नऊ’वर संपवायची सवय एकट्यादुकट्याची नव्हती. ती वेगवेगळ्या माणसांनी चालवली होती, तेव्हा कुणीतरी ती कुणाला तरी शिकवली असणार. आता मोजणी प्रत्येक हातासाठी वेगळी करायला हवी: दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताच्या पानांवर तेच शेवट त्याच सुरुवातींना, त्याच प्रमाणात जोडलेले आहेत का?