साखर उपकेंद्रावर पोचली, कोलेस्टेरॉल मागे का राहिलं?

गावच्या उपकेंद्रात आज बोटाला टोचलं की मिनिटभरात रक्तातली साखर कळते. कोलेस्टेरॉलसाठी मात्र शिरेतून रक्त काढून नमुना पुढे पाठवावा लागतो. हा फरक बराच जुना आहे.

साखर आधी लघवीत शोधत. गोड लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, खूप असेल तर विटकरी. पण मूत्रपिंडं लघवीत साखर सोडतात ती रक्तातली पातळी १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर. म्हणजे आजाराची पहिली वर्षं, जेव्हा सावरणं सगळ्यात सोपं असतं, त्या नळीत दिसतच नव्हती.

१९६०च्या दशकात रक्ताची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. १९७०च्या सुमारास तो रंग मोजणारं यंत्र निघालं. वजन किलोभराहून जास्त, किंमत फक्त दवाखान्यांना झेपेल अशी. १९८०च्या दशकात रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजणारी पट्टी आली आणि ग्लुकोमीटर खिशात मावू लागला. पुढे आशाताईंच्या आणि सिस्टरांच्या शिबिरात तपासणी होऊ शकली, ती यामुळे.

यंत्र हाती होतं, पण सरकारी यंत्रणेला वेळ लागला. सातव्या पंचवार्षिक योजनेत मधुमेह नियंत्रणाचा कार्यक्रम जेमतेम काही जिल्ह्यांत सुरू झाला. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघातासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये २१ राज्यांतल्या १०० जिल्ह्यांत आला. आजारी माणूस दारात येण्याची वाट न पाहता तिशीपुढच्या प्रत्येकाला तपासायचं, हे धोरण त्यानंतर, २०१६-१७ मध्ये ठरलं. यादीत पाच आजार होते: रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. कोलेस्टेरॉल त्यात नव्हतं.

आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला आजार यांबरोबर कमरेचा घेरही असतो. वजनकाट्याऐवजी टेप का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने खूप कमी भरली, पण चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर?’ म्हणून शिबिराकडे पाठ फिरवणाऱ्या प्रत्येकाला हा फोटो दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

कोलेस्टेरॉलची वाट वेगळी होती. त्याचा हृदयविकाराशी संबंध पक्का झाला तो अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात. १९४८ पासून ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि १९६१ मध्ये वाढलेलं कोलेस्टेरॉल व रक्तदाब हे धोक्याचे घटक म्हणून पुढे आले. पण नुसता एकूण आकडा पुरत नाही. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वेगवेगळे लागतात; या सगळ्याला मिळून लिपिड तपासणी म्हणतात. १९७२ पासून एलडीएल बहुधा थेट न मोजता बाकीच्या आकड्यांवरून, फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात. जेवणानंतर वाढणारं ट्रायग्लिसराइड त्या सूत्रात असल्याने उपाशीपोटीचा दंडक घट्ट बसला. बोटाच्या थेंबावर कोलेस्टेरॉल मोजणारी यंत्रं आहेत, पण त्यांची पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणून उपकेंद्रात साखर १४० च्या वर आली की माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवतात आणि लिपिडचा नमुना पुढच्या टप्प्यावर निघतो. रोजंदारीवरच्या बाईला उपाशीपोटी तिथवर जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडवणं. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही असं सांगितलं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं दिसलं तरच पुन्हा उपाशीपोटी तपासावं. म्हणजे बोट टोचलं त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर शिरेतलं रक्तही घेता येईल.