अळंबीची ओळख सांगणारी 600 अक्षरे

आर्द्रा संपून पुनर्वसू नक्षत्र लागले की सावंतवाडीच्या बाजारात सागाच्या पानांत बांधलेल्या अळंबीच्या जुड्या दिसू लागतात. अशाच एका जुडीसमोर बसून मी टोप्यांचे रंग टिपून घेत होतो, तेव्हा विकणाऱ्या मावशींनी जुडीतली एक अळंबी उलटी करून तिचा देठ माझ्यापुढे धरला. देठ खाली निमुळता होत गेला होता, त्याला लाल माती चिकटलेली होती आणि टोक तुटलेले होते. "मूळ बघूक व्हया, टोपी बघून काय कळणा नाय," असे त्या म्हणाल्या. कवकशास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण अगदी नेमके आहे, आणि जनुकीय बारकोडकडे, म्हणजे डीएनएवरून जात ओळखण्याच्या पद्धतीकडे, वळण्याआधी ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

मावशींनी दाखवलेली अळंबी टर्मिटोमायसीस या प्रजातीतली होती. ही बुरशी वाळवी स्वतः पोसते. वाळवीच्या काही जाती चावलेला पाचोळा आणि लाकूड यांपासून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे पोळे रचतात, त्यावर ही बुरशी वाढवतात आणि तिने मऊ केलेला लाकडाचा अंश खातात. पाऊस मुरला की बुरशी या पोळ्यातून लांब मुळासारखा देठ वर पाठवते आणि टोपीच्या मध्यावरच्या टोकदार उंचवट्याने जमीन फोडून बाहेर येते. गोव्यात हिला रोयण अळमी म्हणतात, आणि रोयण म्हणजे वारूळ. म्हणजे शास्त्राला जे नाते सूक्ष्मदर्शकातून आणि वारुळे खोदून सिद्ध करावे लागले, ते कोकणी बोलीने नावातच नोंदवून ठेवलेले आहे.

तरीही डोळ्यांनी होणाऱ्या ओळखीला मर्यादा आहेत. टर्मिटोमायसीसमध्ये अनेक जाती आहेत. पाऊस, माती आणि वय यांप्रमाणे एकाच जातीच्या टोपीचा आकार आणि रंग बदलतो, आणि उलटपक्षी दोन वेगळ्या जाती अगदी सारख्या दिसतात. त्याहून गंभीर प्रश्न विषारी अळंब्यांचा आहे. गवताळ जागी, गोठ्याच्या आसपास उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही अळंबी मोठी, पांढरी आणि दिसायला भरवशाची असते, पण ती खाल्ल्यावर काही तासांतच जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कोवळेपणी तिच्या टोपीखालचे पातळ पडदे खाण्याच्या अळंबीसारखेच पांढरे असतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाडगे झाकले तर सकाळी फरक कळतो: टर्मिटोमायसीसच्या बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी उमटतो आणि क्लोरोफायलमचा हिरवट. भाताचा रंग बदलतो का, चांदीचे नाणे काळे पडते का, गोगलगायीने अळंबी खाल्ली आहे का, या घरगुती कसोट्या मात्र पूर्णपणे निरुपयोगी आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून कोणीही अळंबी शिजवू नये.

सजीवाच्या डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचून त्याची जात ओळखावी, ही कल्पना कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडली आणि तिला दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांवरून बारकोड हे नाव दिले. प्राण्यांसाठी त्यांनी निवडलेले जनुक बुरशींच्या बाबतीत नीट चालेना, कारण पुष्कळ बुरशींमध्ये त्या जनुकात मध्येच इतर तुकडे घुसलेले असतात. कवकशास्त्रज्ञ त्याआधीपासूनच आयटीएस नावाचा दुसरा तुकडा वापरत होते, आणि 2012 मध्ये अनेक देशांतील संशोधकांच्या गटाने वेगवेगळ्या तुकड्यांची तुलना करून तोच बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून पुढे ठेवला.

या तुकड्याची जागा समजली की त्याची निवड का झाली हे आपोआप कळते. पेशीतील प्रथिने रायबोसोम नावाच्या यंत्रणेत तयार होतात. ही यंत्रणा घडवणारी 18 एस, 5.8 एस आणि 28 एस ही जनुके डीएनएवर ओळीने असतात. त्यांच्यात थोडा जरी बिघाड झाला तरी पेशी जगणे कठीण, म्हणून ती कोट्यवधी वर्षांत फारशी बदललेली नाहीत. पण त्यांच्या मधल्या दोन जागांची नक्कल रायबोसोम तयार होताना कापून टाकली जाते, त्यामुळे तिथे झालेले बहुतेक बदल बुरशीला बाधत नाहीत आणि पिढ्यानपिढ्या साठत जातात. शेताचे बांध वर्षानुवर्षे जागेवर राहावेत आणि मधले पीक मात्र बदलत जावे, तसेच हे आहे. बांध सगळीकडे सारखे असल्यामुळे कोणत्याही बुरशीत तो तुकडा शोधता येतो, आणि मधले पीक वेगळे असल्यामुळे जात ओळखता येते. शिवाय ही जनुके प्रत्येक पेशीत एकामागोमाग अनेक प्रतींत असतात, म्हणून संग्रहालयातल्या जुन्या वाळलेल्या नमुन्यातूनही पुष्कळदा हा तुकडा मिळवता येतो. डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि या तुकड्याची लांबी साधारण 500 ते 700 अक्षरे असते.

प्रयोगशाळेत टोपीच्या आतल्या मांसल भागातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून वाटतात आणि रसायनांच्या साहाय्याने त्यातला डीएनए वेगळा करतात. मग डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात तो 94 अंशांच्या आसपास तापवून त्याचे दोन धागे सुटे करतात, 50 ते 55 अंशांना प्रायमर नावाचे छोटे तुकडे दोन्ही बांधांवर चिकटू देतात आणि 72 अंशांना मधल्या भागाची नक्कल होऊ देतात. हे चक्र 35 वेळा फिरले की एका प्रतीच्या, निदान हिशेबाने तरी, 3,400 कोटींहून अधिक प्रती होतात. शेवटी क्रमवाचन यंत्र या चार अक्षरांचा क्रम चार रंगांच्या उंचसखल लाटांच्या रूपात काढून देते. लाटा एकमेकींपासून सुट्या आणि टोकदार असल्या की वाचन स्वच्छ झाले असे समजतात.

इथे एक अनुभव सांगितला पाहिजे. एका जुलैत मी गोळा केलेल्या अळंब्या घाईत प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या आणि कोकणच्या दमट हवेत दोन दिवस तशाच राहू दिल्या. अक्षरक्रम आला तेव्हा लाटा अगदी स्वच्छ होत्या, पण त्या अळंबीच्या नव्हत्या. तिच्यावर वाढलेल्या ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीच्या होत्या. प्रायमर कोणत्याही बुरशीच्या बांधावर चिकटतात, त्यांना अळंबी आणि तिच्यावरची बुरशी यांत भेद करता येत नाही. तेव्हापासून मी अळंबी कागदी पाकिटात ठेवतो, त्याच संध्याकाळी तिचा आतला तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाकतो आणि उरलेली मंद उष्णतेवर कडकडीत वाळवतो. पावसाळ्यात चुलीवर मासे वाळवणाऱ्या कोकणी माणसाला यातले महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मिळालेला क्रम जेनबँक किंवा एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाशी संबंधित असलेल्या युनाइट या भांडारातील क्रमांशी ताडून पाहतात. साधारण 97 ते 99 टक्के साम्य असेल तर जात एकच असावी, असा ढोबळ संकेत आहे. तो सगळ्या बुरशींना सारखा लागू पडत नाही, आणि अनेक चुका इथेच होतात. कॅंथरेलससारख्या काही अळंब्यांत आयटीएस मिळवणे अवघड जाते, म्हणून टीईएफ-1 हे दुसरे जनुकही वाचावे लागते. याहून मोठी अडचण भांडाराची स्वतःची आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे दिसून आले की सार्वजनिक भांडारांतील बुरशींच्या क्रमांपैकी 20 टक्क्यांपर्यंत क्रमांवर चुकीच्या जातीचे नाव असू शकते. आधी कोणीतरी चुकीचे नाव दिले असेल तर संगणक तेच नाव 100 टक्के साम्यासह आपल्यालाही देतो. म्हणून केवळ साम्याचा आकडा पाहून नाव ठरवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्या क्रमामागे जपून ठेवलेला नमुना आहे का आणि तो कोणी, कोठे गोळा केला होता, हे आधी पाहिले पाहिजे.

या पद्धतीची ताकद मात्र निर्विवाद आहे. लंडनमधील क्यू उद्यानातील संशोधकांनी दुकानातून विकत घेतलेल्या, चीनमधून आलेल्या सुक्या अळंबीच्या एकाच पाकिटातले 15 तुकडे तपासले, तेव्हा त्यांत विज्ञानाला तोवर नाव ठाऊक नसलेल्या तीन जाती निघाल्या. हे संशोधन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. लोक ज्या अळंब्या वर्षानुवर्षे विकत घेऊन खात होते, त्यांना शास्त्रीय नावच नव्हते. जगात बुरशींच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात असा 2017 चा अंदाज आहे आणि नावे मिळालेल्या जाती दीड लाखाच्या घरात आहेत. हे प्रमाण पाहता कोकणातल्या देवरायांमध्ये, जांभ्याच्या सड्यांवर आणि काजूच्या बागांमध्ये काय काय निनावी उगवत असेल, याची मला खरोखर उत्सुकता आहे.

वाळवीच्या अळंबीबाबत तर बारकोडने एक वेगळाच रस्ता उघडला आहे. वारुळातल्या पोळ्यावरच्या बुरशीचा क्रम आणि वर उगवलेल्या अळंबीचा क्रम जुळवला की कोणती वाळवी कोणती जात पोसते, हे पावसाळ्याची वाट न पाहता कळू शकते. बहुतेक जातींत नव्या वारुळातल्या कामकरी वाळव्या ही बुरशी बाहेर पडलेल्या बीजाणूंपासून मिळवतात. टोपी उघडण्याआधीच सगळ्या कळ्या उपटल्या तर ते बीजाणू पडतच नाहीत, म्हणून प्रत्येक वारुळावर काही अळंब्या उमलू देणे आवश्यक आहे.

बाजारातल्या त्या जुडीतली एक अळंबी मी विकत घेऊन वाळवली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या वाळवलेल्या नमुन्यांचे अजरेकर संग्रहालय आहे. अशा ठिकाणी नमुना जमा झाला की त्याला क्रमांक मिळतो आणि पुढे कोणालाही तो काढून पुन्हा तपासता येतो. नमुन्याच्या पाकिटावर तारीख, गाव, मातीचा प्रकार, बीजाणूंच्या ठशाचा रंग आणि स्थानिक नाव लिहायचे असते. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: देठ जमिनीत हातभर खोल, वारुळापर्यंत गेलेला, असे विकणाऱ्या बाईंचे सांगणे.